'मॅच' : एका रूपात राहणारे दोन शब्द

सामना म्हणजे मॅच, आगकाडी म्हणजेही मॅच, आणि दोन रंग एकमेकांना शोभून दिसले तर ते मॅच झाले, असेही इंग्रजीत म्हणतात. हे सारे अर्थ एकाच शब्दाला कालांतराने फुटलेले धुमारे असावेत, असा आपला समज होतो. कोशकार मात्र येथे दोन स्वतंत्र नोंदी करतात, कारण हे मुळात दोन निराळे शब्द असून केवळ उच्चाराने आणि लेखनाने ते एकरूप झाले आहेत.

त्यांपैकी जुना शब्द अस्सल इंग्रजी आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा उच्चार साधारण 'येमॅच्चा' असा होता आणि अर्थ होता जोडीदार, मग तो पती असो, पत्नी असो वा पशुपक्ष्यांच्या जोडीतील नर किंवा मादी. पुढे आरंभीचा उपसर्ग आणि अखेरचा स्वर झिजून गेला. जोडीदार तो बरोबरीचा आणि बरोबरीचा तोच लढण्यास योग्य, अशा ओघाने हा शब्द संसारातून आखाड्यात उतरला आणि प्रतिस्पर्ध्यावरून खुद्द सामन्याला लागू झाला. मराठी माणसाला हा प्रवास परका वाटू नये, कारण 'जोड' हा आपला शब्दही विवाहात आणि कुस्तीत सारख्याच सहजतेने वावरतो.

आगकाडीच्या 'मॅच'ची कुळकथा अधिक रंजक आहे. हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ होता दिव्याची वात. अनेक अभ्यासक त्याचे मूळ ग्रीक 'मिक्सा' या शब्दात शोधतात. त्या शब्दाचा आद्य अर्थ शेंबूड. दिव्याच्या चोचीतून लोंबणारी वात पाहून कोणाला तरी वाहते नाक आठवले असावे. पुढे बंदुका आणि तोफा आल्या, तेव्हा सोऱ्याच्या द्रावणात भिजवून वाळवलेल्या, मंद जळत राहणाऱ्या दोरीलाही हेच नाव मिळाले. अशा दोरीला मराठीत 'तोडा' म्हणतात, आणि बरोबरी सांगताना आपण 'तोडीस तोड' म्हणतो, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

इंग्लंडमधील स्टॉकटन-ऑन-टीज येथील औषधविक्रेते जॉन वॉकर यांनी 1826 मध्ये घासून पेटणारी काडी तयार केली आणि 1827 मध्ये तिची विक्री सुरू केली. अँटिमनी सल्फाइड, पोटॅशियम क्लोरेट आणि डिंक यांचे मिश्रण काडीच्या टोकाला लावलेले असे आणि ती दुमडलेल्या काचकागदातून ओढली की पेटत असे. त्यांनी पेटंट घेतले नाही. ही वस्तू ना वात होती ना दोरी. तरीही आग लावण्याचे साधन म्हणून जुने नाव तिलाच चिकटले, आणि वात व दोरी हे अर्थ मागे पडले.

हे दोन शब्द एकमेकांच्या वाटेत क्वचितच येतात, कारण खेळाच्या बातमीत आगकाडी अपेक्षित नसते. 'मॅचमेकर' या जोडशब्दात मात्र त्यांची गाठ पडली. विवाह जुळवणाऱ्याला इंग्रजीत मॅचमेकर म्हणत आणि आगकाड्या तयार करणाऱ्या कामगारालाही. त्यांपैकी आज पहिलाच अर्थ प्रचारात उरला आहे.