राष्ट्राध्यक्षांच्या नावे समन्स

[कॅपिटॉलचे खांब, मग आतला दिवाणखाना]

हे अमेरिकेतल्या रिचमंडमधलं कॅपिटॉल, म्हणजे व्हर्जिनिया राज्याचं विधानभवन. आराखडा थॉमस जेफरसन यांचा, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. 1807च्या उन्हाळ्यात याच इमारतीत ॲरन बर यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते जेफरसन यांचेच उपराष्ट्राध्यक्ष होते. आणि खटला उभा राहण्याआधी, जानेवारीतच, जेफरसन यांनी काँग्रेसला कळवून टाकलं होतं: बर यांच्या अपराधाबद्दल शंकेला जागाच नाही. देशद्रोहाला शिक्षा फाशीची.

असा माणूस बचावाला सुरुवात कुठून करणार?

[जुन्या कायद्याचं पान]

1790च्या या कायद्यापासून. आरोपीला खटल्याआधी किमान तीन पूर्ण दिवस आरोपपत्राची नक्कल द्यायची. ज्युरींची आणि साक्षीदारांची यादी द्यायची, पत्त्यांसकट. वकिलांना त्याला भेटू द्यायचं. आणि सरकारसारखंच त्यालाही आपले साक्षीदार कोर्टाच्या हुकमाने बोलावता आले पाहिजेत.

बर स्वतः मुरलेले वकील. सोबत एडमंड रँडॉल्फ, जॉन विकहॅम, ल्यूथर मार्टिन. त्यांनी ही शेवटची तरतूद घट्ट धरली. सरकारचे मुख्य साक्षीदार होते अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल विल्किन्सन. त्यांनी 21 ऑक्टोबर 1806 रोजी जेफरसन यांना लिहिलेलं पत्र हवं होतं. साक्षीदाराने तेव्हा काय लिहिलं हेच ठाऊक नसेल, तर उलटतपासणी घेणार कशाच्या जोरावर? बचाव पक्षाने थेट राष्ट्राध्यक्षांच्या नावे समन्स मागितलं. सरकारी वकील जॉर्ज हे (Hay) यांनी विरोध केला. न्यायासनावर सरन्यायाधीश जॉन मार्शल होते. त्यांनी समन्स दिलं. राष्ट्राध्यक्ष हा राजा नव्हे. मुदत संपली की तो पुन्हा लोकांतलाच एक होतो, असं त्यांनी निकालात लिहिलं. जेफरसन स्वतः आले नाहीत, पण कागद सरकारी वकिलांकडे धाडावे लागले.

[ओहायो नदी, ब्लेनरहॅसेट बेट]

आरोपपत्रातली घटना, म्हणजे माणसं जमवून देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप, या बेटावरची, 10 डिसेंबर 1806ची. हा वाडा अलीकडे पुन्हा बांधलेला. मूळचा 1811 मध्ये जळाला. राज्यघटना म्हणते, देशद्रोह सिद्ध करायला एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत. आणि त्या रात्री बर इथे नव्हतेच, दुसऱ्या राज्यात होते. विकहॅम यांनी सगळा युक्तिवाद या एका मुद्द्यावर रचला आणि मार्शल यांना तो पटला.

1 सप्टेंबरला बर सुटले. राजकारणातून मात्र कायमचे उठले.

[सुप्रीम कोर्ट, वॉशिंग्टन]

1974 मध्ये वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या संभाषणांच्या टेप मागवताना सुप्रीम कोर्टाने याच खटल्याचा दाखला दिला.