थंडी येते संध्याकाळच्या वाटेने

नमस्कार, श्रोतेहो.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाचं परतणं सुरू झालं, की आमच्या जळगावकडे कुणीतरी लगेच जाहीर करतं, 'चला, थंडी आली!' कसली थंडी? आधी ऑक्टोबरचं ऊन भोगायचं असतं. आभाळ मोकळं, जमीन अजून ओली, त्यामुळे दुपारी अंगाची नुसती चिकचिक. पण त्याच मोकळ्या आभाळामुळे रात्री जमिनीची ऊब टिकत नाही. म्हणून दुपारी पंखा आणि पहाटे चादर, असा तो महिना जातो.

माझं निरीक्षण असं, की थंडी आपल्याकडे संध्याकाळच्या वाटेने येते. सगळ्यांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या आसपास, हे शाळेत पाठ केलेलं. पण सूर्य सगळ्यांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस! डिसेंबरच्या मध्याला संध्याकाळचा उजेड हळूहळू वाढायलाही लागलेला असतो. उजाडायला मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशीरच होत जातो. हिवाळा लांबला असं वाटतं ते या सकाळींमुळे.

आणि मग भरीत. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य दाखवतात. चातुर्मासात वांगं सोडलेली मंडळी तेव्हापासून मोकळी होतात. आमच्याकडे मोठी, हिरवी वांगी शेतातच कपाशीच्या काड्यांवर भाजतात. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्यालाही भरीत म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे.

हे सगळं वाढायचं केळीच्या पानावर, आणि नेमकी हीच केळी थंडीत सगळ्यांत जास्त सोसते. पारा दहा अंशांच्या खाली जायला लागला, की रावेर, यावलकडच्या शेतकऱ्याची झोप उडते. नवं पान निघायला वेळ लागतो, घड पोसत नाही, फळाच्या सालीचा रंग बिघडतो. मग रात्री विहिरीचं पाणी द्यायचं, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं. बांधावर ओला-सुका कचरा पेटवून धूर करायचा. त्यामुळे तुम्ही भरीत खायला कुणाच्या मळ्यात गेलात आणि यजमान जेवता जेवता मोबाइलवर तापमान बघत बसला, तर रागावू नका. आग्रह करायला त्याच्या घरचे आहेतच.

नमस्कार.