पगाराचा रकाना रिकामा

नमस्कार श्रोतेहो.

नौपाड्यात बसून मी पंचवीस वर्षं लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरतोय. जुलै उजाडला की वागळे इस्टेटमधले, ऐरोलीचे नोकरदार फॉर्म 16 घेऊन येतात. पगार, पीएफ, घराचं कर्ज. दहा मिनिटांत काम उरकतं. खऱ्या पैसेवाल्याच्या रिटर्नमध्ये मात्र पगाराचा रकाना कधीकधी चक्क रिकामा असतो.

घणसोलीला जिओचं अवाढव्य आवार तुम्ही पाहिलं असेल. त्या रिलायन्सच्या मुकेश अंबानींनी 2008-09 पासून स्वतःचा पगार वर्षाला 15 कोटींवर रोखून धरला होता आणि 2020-21 पासून तर ते पगारच घेत नाहीत. म्हणून काही चूल विझली नाही! कंपनीचा जवळपास अर्धा हिस्सा प्रवर्तकांकडे, म्हणजे अंबानी कुटुंब आणि त्यांच्या कंपन्यांकडे आहे. लाभांश येतो आणि भाव चढला की बसल्या जागी श्रीमंती वाढते. शेअर विकत नाही तोवर त्या वाढीवर कर नाही. वर्षभर ठेवून विकले तरी जुलै 2024 पासून मूळ दर साडेबारा टक्के. आपल्या पगाराचा वरचा स्लॅब किती? तीस.

आता ठाण्यातलीच गोष्ट. पोखरण रोडवर रेमंडची गिरणी 1925 साली सुरू झाली, 1944 मध्ये ती सिंघानियांकडे आली. आमच्याकडे गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावायचे. पुढे भोंगा थांबला, कापड दुसरीकडे विणलं जाऊ लागलं. राहिली ती शंभर एकरांहून जास्त जमीन. 2019 पासून तिच्यावर टॉवर उभे राहतायत. लोकरीपेक्षा जमीन महाग झाली, ती कशाने? हायवेने, पाण्याच्या लाइनीने, आता वडाळ्याहून कासारवडवलीला येणाऱ्या मेट्रोने. त्यातली एक वीटही मालकाने लावलेली नाही. यात बेकायदा काही नाही, पण ‘कष्टाची कमाई’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

घोडबंदरला इमारती बांधणाऱ्या हिरानंदानींनी तर 2020 मध्ये पनवेलला डेटा सेंटर, म्हणजे कंपन्यांचे मोठे कॉम्प्युटर भाड्याने ठेवायची इमारत, सुरू केलं. धंदा जुनाच, चाळमालकाचा. फक्त बिऱ्हाडकरू माणूस नाही, सर्व्हर आहे. नळाला पाणी नाही म्हणून भांडायला येत नाही.

औषधांत दिलीप संघवींनी 1983 मध्ये सन फार्मा काढली ती मानसिक आजारांवरच्या गोळ्यांपासून. तापाची गोळी तीन दिवस लागते, ही वर्षानुवर्षं. गिऱ्हाईक दर महिन्याला परत येतं.

मला विचाराल तर सगळ्यांत शिकण्यासारखी चाल डी-मार्टवाल्या राधाकिशन दमाणींची. रविवारी संध्याकाळी डी-मार्टच्या रांगेत तूरडाळ आणि बादली घेऊन उभे असाल तेव्हा आजूबाजूला बघा. सजावट बेताची, पण जागा शक्यतो कंपनीच्या मालकीची, म्हणजे भाडेवाढीची कटकट नाही. माल देणाऱ्याचे पैसे बाकीच्या दुकानांपेक्षा लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. किराणा दुकानदाराला उधारीवर माल मिळाला की आनंद होतो. इथे रोखीतच कमाई आहे.

त्यांचा शेअर मार्च 2017 मध्ये 299 रुपयांना बाजारात आला. विकायला होते त्याच्या शंभरपटींहून जास्त शेअरसाठी अर्ज आले. माझ्या एका अशिलाला 50 शेअर लागले. पहिल्याच दिवशी भाव दुप्पट झाला, त्याने लगेच विकले आणि फ्रिज घेतला. पुढे तो भाव मूळच्या दहापटीच्या वर गेला. परवा फॉर्म 16 घेऊन आला तेव्हा मी मुद्दाम विषय काढला.

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘फ्रिज अजून मस्त चालतोय.’’