बाबांच्या रायफलीची नळी

(दृश्य: मालवण तालुक्यातलं जांभ्या दगडाचं घर. पागोळ्या गळतायत. अंगणात हिरवं शेवाळ.)

आमच्या घरात पडवीतून माजघरात शिरलं की डाव्या हाताला एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली बाबांच्या करगोट्याला असते. कपाटात एकच वस्तू आहे, त्यांची परवान्याची रायफल. पॉइंट तीनशे पंधरा बोअरची, बंगालमधल्या इछापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेली. तिचा सांगाडा जुन्या ली-एनफिल्डचा, म्हणजे इंग्रजांच्या फौजेतल्या रायफलीचा. बाबा लष्करात असताना त्याच घराण्यातली रायफल खांद्यावर घेऊन हिंडले, म्हणून निवृत्तीनंतर शेतीच्या राखणीसाठी परवाना काढला तेव्हाही त्यांनी हीच घेतली. गावात बाकीच्यांकडे आहेत त्या बारा बोअरच्या एकनळी बंदुका.

ती चालते क्वचितच. रानडुकरावरसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. तरीही बाबा तिची निगा एखाद्या दुभत्या गाईसारखी राखतात.

(दृश्य: नळीचं तोंड, अगदी जवळून. कडेला तांबूस ठिपके.)

एका वर्षी उन्हाळ्यात निवडणूक लागली. निवडणूक म्हणजे बंदुका पोलीस ठाण्यात जमा, हे कोकणात ठरलेलंच. बाबा तेव्हा आजारी होते, म्हणून रायफल जमा करायला मी गेलो. नळीला तेल न लावता, रेक्झिनच्या कव्हरात घालून दिली. निकाल लागले, परत न्यायचा निरोपही आला. मी मात्र मृग बरसून गेल्यावर गेलो. चूक सगळी माझी होती. घरी येऊन कव्हराची चेन उघडली तर आतून ओल्या चपलेसारखा वास आला. नळीच्या तोंडाशी गंज. बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दट्ट्या, काढून मागून उजेडाकडे धरली, तर आतल्या पिळदार खाचांमध्ये पुढच्या बाजूला काळे खळगे दिसले.

बाबा काही बोलले नाहीत. त्या न बोलण्यामुळेच मी ठरवलं, नळी बदलून द्यायची. तीही स्वतः, घरी.

इंटरनेटवर पाहिलं तर काम सोपं वाटलं. अमेरिकेत माणसं गॅरेजमध्ये उभी राहून अर्ध्या तासात रायफलीची नळी बदलतात. मी कागद घेतला आणि हत्यारांची यादी करायला बसलो. पाईप पाना घरात होता. पंपाच्या कामाचा व्हाइस, म्हणजे शिकंजा, होता. गंज सोडवणारं तेल बाजारात मिळतं. झालंच की!

तो कागद अजून माझ्याकडे आहे.

(दृश्य: घाटाचा रस्ता, धुकं. मग एका छोट्या कार्यशाळेचं दार.)

नशीब म्हणा, आधी मी रायफल आणि परवाना घेऊन एका परवानाधारक दुरुस्तीकाराकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, मूळचे कुडाळकडचे. त्यांनी माझा कागद वाचला, पाईप पान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नळी सुटतली रे. पण तिच्यावांगडा बॉडी पिळली तर काय करतलंस?"

बॉडी म्हणजे बोल्ट ज्यात पुढेमागे सरकतो तो भाग. नळी मागच्या टोकाला आटे पाडून तिच्यात घट्ट बसवलेली असते, आणि कारखान्यात ती जोर लावून आवळतात. वर्षानुवर्षांचा गंज आणि वाळलेलं तेल त्या आट्यांत शिरतं. अशी नळी सोडवायची म्हणजे खरा प्रश्न फिरवण्याचा नाहीच, धरण्याचा आहे. पाईप पाना दातांनी धरतो. नळी गोल आणि निमुळती, तिच्यावर दात घसरतात आणि चरे पाडतात. बॉडी तर गोलही नाही. एका बाजूला खिडकी, खाली मॅगझिनची पोकळी. तिला चुकीच्या जागी धरून जोर दिला तर ती केसाएवढी मुरडते, आणि मग बोल्ट सरळ चालत नाही.

काकांनी भिंतीवरून दोन वस्तू काढल्या. एक होता नळीचा व्हाइस. दोन जाड ठोकळे, मधे नळीच्या मापाचं भोक, भोकात ॲल्युमिनियमचं अस्तर. अस्तरावर त्यांनी राळेची पूड भुरभुरली. नळी अस्तरात घसरू नये म्हणून राळ. दुसरा होता बॉडीचा पाना. बॉडीच्या पुढच्या कड्याला चहूबाजूंनी कवटाळणारा, ज्या जातीची रायफल त्याच जातीसाठी घडवलेला. माउझरचा पाना ली-एनफिल्डला चालत नाही. तरीही जोड सुटलाच नाही, तर नळी लेथवर चढवून खांद्यापुढे एक बारीक खाच घेतात, म्हणजे आवळलेला ताण मोकळा होतो. गॅसची शेगडी मात्र कधीच लावत नाहीत. बॉडीच्या पोलादाला दिलेलं पाणी उतरलं की तिची ताकद गेली.

मग अमेरिकेत जमतं ते कसं? तिथल्या सॅव्हेज कंपनीच्या रायफलींना नळीवर एक मोठा नट असतो. नळी हवी तेवढी आत फिरवायची, गेजने माप घ्यायचं आणि नट आवळायचा. आमच्या रायफलीला तो नट नाही. तिच्या नळीवर पुढची माशीही, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, बसवलेली असते. नळी शेवटपर्यंत आवळली तेव्हा माशी बरोबर वर उभी राहिली पाहिजे, थोडी जरी कलली तरी नेम गेला.

(दृश्य: तळहातावर दोन चकचकीत पोलादी गेज.)

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते तिसऱ्या हत्याराने. काकांनी लाकडी पेटीतून दोन गेज काढून माझ्या तळहातावर ठेवले. ते एका विलायती रायफलीचे होते, पॉइंट तीनशे आठच्या. दिसायला जुळे भाऊ. एकावर गो, दुसऱ्यावर नो-गो. पहिला चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, घातला तर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसरा घातला तर होता कामा नये. एकाचं माप १.६३० इंच, दुसऱ्याचं १.६३४. फरक अवघा ०.००४ इंचाचा, म्हणजे एक दशांश मिलिमीटर. मी दोन्ही बोटांत फिरवून पाहिले, डोळ्याला काही कळेना.

त्या एक दशांशात माणसाचा डोळा असतो. बोल्ट आणि काडतूस यांच्यात जास्त जागा राहिली, तर बार उडताना पितळी काडतूस मागे ताणलं जातं. कधी बुडाशी फाटतं. मग तो तापलेला वायू पुढे न जाता मागे येतो, गालाला टेकलेल्या दस्त्याकडे. आमच्या रायफलीच्या काडतुसाला बुडाशी कडा आहे. तिथे हे माप त्या कडेच्या जाडीवर घेतात, त्यामुळे तिचे गेजही वेगळे. माझ्या यादीत गेज नव्हतेच. माझ्या यादीत पाईप पाना होता.

कायद्याचंही काकांनीच सांगितलं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती, बदल आणि चाचणी करायला वेगळा परवाना लागतो. बाबांकडे आहे तो बाळगण्याचा. शस्त्राचे सुटे भागही त्या कायद्यात शस्त्रच मोजले जातात, म्हणजे नुसती नळी मागवून माळ्यावर ठेवणं हाही गुन्हा. पूर्वी मला ही नुसती अडवणूक वाटली असती. ते दोन गेज हातात घेतल्यावर तसं वाटलं नाही.

काकांनी नळी साफ करून पुन्हा पाहिली. खळगे उथळ होते, तोंडाकडच्या चार बोटांतच. चेंबर निर्मळ. "बदलूची गरज नाय," ते म्हणाले, "राखूची गरज आसा."

(दृश्य: पडवीत सतरंजी. बाबा मांडी घालून बसलेत. समोर हत्यारं मांडलेली.)

तर घरात हत्यारं हवीत ती ही. नळी बदलायची नव्हेत, राखायची.

बाबांची पद्धत फौजेतली. आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये डोळा आणि करंगळी दोन्ही घालायची. रिकामी आहे असं तोंडाने म्हणायचं. मग बोल्ट बाहेर. त्यानंतर पुल-थ्रू, म्हणजे एक मजबूत दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फास. वजन चेंबरकडून सोडायचं, फासात चिंदी अडकवायची आणि एका दमात सरळ ओढायची. एनसीसीत गेलेल्यांना मापं आठवतील. सुकी चिंदी चार बाय दोन इंच, तेलाची चार बाय दीड. दोरी तोंडाच्या कडेवर घासता कामा नये. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो त्या कडेला, ती एका बाजूने झिजली की गोळी भरकटते. सळई वापरायची तर अखंड आणि पितळेची, तीही मागूनच घालायची. ब्रश फॉस्फर ब्राँझचा, पोलादी कधीच नाही.

तेलाच्या बाबतीत आमच्या गावात एक चूक घरोघरी होते. खोबरेल हाताशी असतं, तेच लावतात. खोबरेल चोवीस अंशांखाली थिजतं, पुढे खवट होऊन चिकट बसतं आणि त्यात धूळ रुतते. बंदुकीचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल त्याहून कितीतरी बरं. तेही पातळच लावायचं, आणि चालवण्याआधी नळीतून पुसून काढायचं.

ठासणीच्या बंदुकीचं शास्त्र वेगळं. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, आणि आमच्या हवेत पाण्याला काय तोटा! वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर समुद्राची खारी हवा. त्या राखेवर तेल चोपडलं तर गंज तेलाखाली गुपचूप खात राहतो. तिला आधी गरम पाणी आणि साबण, मग कोरड्या चिंद्या, नळी हाताला ऊन लागेपर्यंत सुकवायची, मगच तेल. जुनी माणसं चुलीवरचं आधणाचं पाणी वापरायची, ते बरोबरच होतं.

बाहेरचा तांबूस गंज काढायला काचपेपर घेऊ नका. नळीवरचा निळाकाळा थर हाही लोखंडाचाच एक प्रकारचा गंज आहे, पण आवळून बसलेला, आतल्या पोलादाला झाकणारा. काचपेपर दोन्ही काढतो. तेलात भिजवलेलं अगदी बारीक स्टील वूल आणि हलका हात, एवढं पुरे. आणि रेक्झिनचं कव्हर प्रवासापुरतंच. कपाटात रायफल उघडी, तोंड खाली करून ठेवायची, म्हणजे तेल निथळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

शेवटी एक विजेरी. आमच्याकडे कुंभारीण माशी खिडकीच्या बिजागरीत, नळाच्या तोंडात, कुठल्याही भोकात मातीचं घर बांधते. बंदुकीच्या नळीतही बांधते. दोन दिवस उघड्यावर राहिलेली नळी आत न पाहता चालवली, आणि आत मातीचा बोळा असेल, तर नळी फुटू शकते. विजेरीला थोडेच रुपये पडतात.

(दृश्य: गणपती विसर्जनानंतरची दुपार. पावसाची उघडीप. बाबा नळी दाराच्या उजेडाकडे धरतात.)

गेली काही वर्षं दर पावसाळ्यात पंधरा दिवसांनी चिंदी ओढायचं काम माझ्याकडे आहे. बाबांची नजर अधू झाली आहे. पण शेवटी नळीत डोळा घालून पाहण्याचा मान त्यांचाच.

"काय दिसतंय?" मी विचारतो.

ते बराच वेळ पाहतात. खळगे आहेत तिथेच आहेत, वाढलेले नाहीत. मग रायफल माझ्या हातात देतात आणि करगोट्याची किल्ली सोडतात.