आधी हलतो तो फसतो

श्रोते हो, नमस्कार.

शालेय स्पर्धा सुरू झाल्या की तालुका, जिल्हा, मग धुळे, नंदुरबार, जळगाव यांच्यासह आपला नाशिक विभाग, अशा पायऱ्या चढत हँडबॉलची मुलं-मुली राज्यापर्यंत पोहोचतात. पेपरात निकालाच्या दोन ओळी येतात, तेवढंच. या मुलांना विचारा, तुमच्या खेळातला मोठा खेळाडू कोण? बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. म्हणून आज बोलायचं आहे फ्रान्सच्या निकोला काराबातिचबद्दल.

जन्म १९८४ चा, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या निश शहरातला. वडील गोलकीपर. निकोला अगदी लहान असतानाच हे कुटुंब फ्रान्समध्ये आलं. धाकटा भाऊ लुकाही पुढे फ्रान्सकडून खेळला. माँपेलिए, जर्मनीतला कील, बार्सिलोना आणि शेवटी पॅरिस असे मोठे क्लब त्याने गाजवले. पहिल्या तिघांसोबत युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. पॅरिसला नऊ वर्षं खेळूनही ती मिळाली नाही. देशासाठी मात्र २००८, २०१२ आणि टोकियो अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, चार विश्वविजेतेपदं आणि चार वेळा युरोपचं अजिंक्यपद!

आता खेळाकडे येऊ. हँडबॉलमध्ये चेंडू हातात असताना तीन पावलं आणि तीन सेकंद मिळतात. गोलसमोरच्या सहा मीटरच्या रेषेच्या आत पाय टेकायचा नाही. बाहेरून उडी मारून हवेतूनच चेंडू सोडायचा. काराबातिचची उंची १ मीटर ९६ सेंटिमीटर. नऊ मीटरवरून त्याने जंप शॉट मारला तर आडवायला बचावपटूला पुढे यावंच लागे. तो पुढे आला की मागे फट पडे. तिथून काराबातिच स्वतः घुसे, नाहीतर रेषेवर उभ्या साथीदाराच्या, म्हणजे पिव्होटच्या, हातात चेंडू देई. आणि बचावपटू जागचा हललाच नाही तर? मग त्याच्या उचललेल्या हाताखालून, कंबरेच्या उंचीवरून चेंडू गोलात. कबड्डीतला मुरलेला चढाईपटू कोपरारक्षकाला आधी हलायला लावतो ना, तसंच हे. खांदा एका बाजूला टाकायचा, समोरच्याचं वजन तिकडे गेलं की दुसऱ्या बाजूने निघायचं. ताकद भरपूर होती, पण माझ्या मते गोल होत ते या वाट बघण्यामुळे.

मला त्याहून जास्त आवडतो त्याचा बचाव. हँडबॉलमध्ये खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. त्यामुळे कित्येक संघ चेंडू गमावला की हल्ल्याचा माणूस बाहेर काढून बचावाचा माणूस आत घेतात. काराबातिच बरीच वर्षं दोन्हीकडे खेळला, तेही बचावाच्या मधोमध, जिथे सगळ्यात जास्त धक्के बसतात. स्कोअरबोर्डवर याची नोंद कुठेच होत नाही.

सगळं स्वच्छ होतं असंही नाही. २०१२ मध्ये माँपेलिएच्या एका सामन्यावरच्या सट्ट्याच्या प्रकरणात तो सापडला, पुढे कोर्टाने दोषीही ठरवलं. चाहत्यांनी हेही लक्षात ठेवावं.

ऑक्टोबर २०२० मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला. छत्तिशी गाठलेल्या खेळाडूबद्दल लोक काय बोलले असतील, सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोच्या अंतिम सामन्यात फ्रान्सने डेन्मार्कला २५-२३ हरवलं, तेव्हा तो संघात होता. जानेवारी २०२४ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा युरोपचं विजेतेपद, समोर परत डेन्मार्कच.

शेवट मात्र हवा तसा झाला नाही. त्याच वर्षी मायदेशातल्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सने शेवटच्या काही सेकंदांत चेंडू गमावला, जर्मनीने बरोबरी केली आणि जादा वेळेत ३५-३४ ने सामना नेला. काराबातिचची कारकीर्द तिथेच संपली.

त्याच्या जुन्या सामन्यांचे व्हिडिओ मोबाइलवर सहज सापडतात. गोल सगळेच बघतात. तुम्ही चेंडू सुटण्याआधी समोरच्या बचावपटूचे पाय बघा. नमस्कार.