वाळूतलं किटीहॉक

ही दृश्यं २०१२ सालची. इजिप्तचं पश्चिम वाळवंट. जवळचं गाव तीनेकशे किलोमीटरवर. तेल कंपनीतल्या एका पोलिश कामगाराला हे विमान दिसलं, तेव्हा ते ७० वर्षं असंच बसून होतं. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, पी-४० किटीहॉक, क्रमांक ईटी ५७४.

जरा जवळून बघू. प्रोपेलरची पाती वाकलीत, इंजिन उघडं पडलंय. वाऱ्यानं वाळू घासघासून पत्र्यावरचा रंग उडवलाय, कुठे कुठे नुसतं ॲल्युमिनियम चमकतंय. आणि हे कॉकपिट. तबकड्या अजून जागच्या जागी.

२८ जून १९४२. लिबियातलं तोब्रुक बंदर जर्मनांच्या हाती पडून आठवडा झाला होता, जर्मन सेनापती रोमेलच्या फौजा इजिप्तमधल्या एल अलामेनकडे सरकत होत्या. ब्रिटिश हवाई दलाच्या २६० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधला फ्लाइट सार्जंट डेनिस कॉपिंग, वय २४, हे विमान दुरुस्तीसाठी दुसऱ्या तळावर नेत होता. लढाईबिढाई नाही, साधी पोहोचवणी. दुखणं चाकांचं होतं, ती आत जाईनात. चाकं खाली लोंबत राहिली की वारा अडतो, वेग पडतो, पेट्रोल जास्त जळतं. त्यात दिशा चुकली. सोबतच्या विमानातल्या वैमानिकानं त्याला वळवायचा प्रयत्न केला, पण कॉपिंग भलतीकडेच जात राहिला.

उतरला तेव्हा तो जिवंत असणार. विमानापाशी पॅराशूटचं कापड सापडलं, सावलीला बांधलं असावं. रेडिओ आणि बॅटरी काढून ठेवलेली. कॉपिंग मात्र सापडला नाही.

आता हे एल अलामेनचं युद्धसंग्रहालय. विमान तेच, ओळखू येत नाही एवढंच. उन्हावाऱ्यानं सत्तर वर्षं जे राखलं, त्यावर नवाकोरा रंग चढवलाय. आपल्याकडे जुन्या दगडी मूर्तीला ऑइलपेंट फासतात, तसा. हे विमान वाळवंटातून काढून मायदेशी आणण्याच्या मोबदल्यात ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयानं स्पिटफायर हे आपलं एक जुनं लढाऊ विमान देऊन टाकलं होतं. स्पिटफायर गेलं, किटीहॉक काही आलं नाही.

एल अलामेनलाच एक युद्धस्मारक आहे. ज्यांना थडगं मिळालं नाही, त्यांची नावं तिथे दगडात कोरलीत. त्यात हे एक, कॉपिंगचं.