नडगीचा स्नायू आणि घोट्याची ताकद

श्रोतेहो, नमस्कार. घोट्याच्या ताकदीचा विषय निघाला की लक्ष पोटरीकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण चवड्यांवर उभे राहताना शरीराचा भार पोटरीच पेलते. परंतु पाऊल वर उचलण्याचे काम प्रामुख्याने नडगीच्या स्नायूचे, म्हणजे टिबिअ‍ॅलिस अँटीरिअरचे असते. आपण बसला असाल तर टाच जमिनीवर टेकवून चवडा वर उचला आणि नडगीच्या हाडालगत बाहेरच्या बाजूस बोटे ठेवा. बोटांखाली जो कडक होतो, तोच हा स्नायू.

गुडघ्याखाली नडगीच्या हाडाच्या बाहेरील पृष्ठभागावर तो सुरू होतो. त्याची लांब कंडरा घोट्याच्या पुढून उतरते आणि पावलाच्या आतील कडेच्या हाडांना जोडली जाते, म्हणून तो पाऊल उचलतो तसेच तळवा किंचित आत वळवतो. पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी तिरपे तंतू चिकटलेले असावेत, तसे त्याचे तंतू आतल्या एका चिवट पडद्यावर तिरपे येऊन मिळतात. या तिरपेपणामुळे थोड्या जागेत पुष्कळ तंतू मावतात, आणि स्नायूचा जोर तंतूंना काटकोनात घेतलेल्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. सोनोग्राफीत स्नायूची जाडी आणि तंतूंचा कोन दोन्ही मोजता येतात. स्नायू आवळला की हा कोन वाढतो.

मात्र केवळ जाडीवरून ताकदीचा निवाडा करणे मला अपुरे वाटते. चेतातंतूंकडून किती तंतुगटांना आज्ञा मिळते आणि ती किती वेगाने येते, यावर प्रत्यक्ष जोर ठरतो. नडगीला आज्ञा देणारी चेता गुडघ्याच्या बाहेरील बाजूस दुखावली, तर स्नायू जागच्या जागी असूनही पाऊल लोंबते. शिवाय त्याच वेळी पोटरी आवळलेली असेल, तर ती उलट ओढते आणि घोट्यापाशी मोजलेली ताकद कमी भरते.

स्नायूतील विद्युत हालचाल त्वचेवर लावलेल्या इलेक्ट्रोडने नोंदवता येते, पण तिचा अर्थ जपून लावावा लागतो. थकलेला स्नायू पूर्वीइतकाच भार धरून ठेवण्यासाठी अधिक तंतुगट कामाला लावतो, त्यामुळे नोंद वाढते आणि जोर तेवढाच राहतो. मोठी नोंद म्हणजे मोठी ताकद, असे समीकरण म्हणूनच मांडता येत नाही.

चालताना या स्नायूला दोन कामे असतात. टाच टेकल्यावर तो लांबत लांबत पाऊल अलगद खाली आणतो, आणि पाय पुढे येताना बोटे जमिनीला अडखळणार नाहीत इतके पाऊल उचलून धरतो. तो दुर्बळ झाला की पाऊल जमिनीवर आपटू लागते किंवा सपाट जागीही ठेच लागते.

व्यायामाने हा स्नायू बळावतो. पहिल्या काही आठवड्यांतील वाढ मुख्यत्वे आज्ञा सुधारल्यामुळे होते, जाडी नंतर वाढते. तेव्हा सोनोग्राफीत फरक दिसला नाही म्हणून व्यायाम सोडू नये. टाचांवर चालणे किंवा पावलाला रबरी पट्टा अडकवून चवडा वर ओढणे पुरेसे आहे. पाऊल खाली आणताना ते सावकाश आणावे, कारण टाच टेकल्यावर स्नायूला नेमके तेच करायचे असते.